पहिलं पिवळं कार्ड कधी काढायचं?

प्रश्न : सर, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो, वय 22. तालीम मंडळाच्या फुटबॉल संघातून खेळायचो, गुडघा गेला म्हणून शिट्टी हातात घेतली. आता 14 वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. नियम मला येतात, पण पोरं ऐकत नाहीत. प्रत्येक शिट्टीला चार-पाच जण भोवती गोळा होतात. "ओ सर, हँड लागलाय की!", "दिसत न्हाय व्हय?" गेल्या रविवारी मी एक पेनल्टी दिली, तर एक तेरा वर्षांचा पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "पैसं खाल्ल्यात पंचानं." मी ऐकलं नाही असं दाखवलं. नंतर सामना हाताबाहेर गेला आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोन पोरं एकमेकांना लाथा मारायला लागली. एका संघाचे कोच मला शाळेत शिकवलेले सर आहेत. ते लाइनीवरून ओरडत होते, "हेच शिकवलं व्हय रं तुला?" एवढ्याशा पोरांना कार्ड दाखवायला माझा हात धजत नाही. दाखवलं तर पेठेत बोलणी, नाही दाखवलं तर मैदानात. येत्या रविवारी परत सामना आहे. जाऊ का नको?
– एक पंच, मंगळवार पेठ

मित्रा,

रविवारी सामन्याला जा. ते ठरलं असं धरूनच पुढचं लिहितो.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं : "मी ऐकलं नाही असं दाखवलं." तू ऐकलंस, हे त्या पोराला कळलं. त्याच्या शेजारच्या दोघांना कळलं. समोरच्या संघालाही कळलं. या वयाच्या पोरांना नियमावली पाठ नसते, पण आजच्या पंचासमोर किती खपतं, हे ती पहिल्या दहा मिनिटांत ताडतात. पंचानं पैसे खाल्ले असं तोंडावर म्हणता येतं आणि त्याचं काहीच होत नाही, हे दिसल्यावर समोरच्या संघानं काय समजायचं? आता आपला बंदोबस्त आपणच करायचा, असंच ना? शेवटच्या दहा मिनिटांतल्या लाथा तिथून आल्या. त्या दोन पोरांचं एकमेकांशी जुनं वैर असेल असं मला वाटत नाही. या मैदानाला आज कोणी वाली नाही, अशी त्यांची समजूत झाली होती.

आता तुझ्या मूळ अडचणीकडं येतो. एवढ्याशा पोरांना कार्ड दाखवायला हात धजत नाही, असं तू लिहितोस. याचा अर्थ तुला पोरांविषयी माया आहे, आणि ती असलीच पाहिजे. ज्याला ती नाही, त्यानं मुलांच्या सामन्यात शिट्टी घेऊच नये. पण माया असलेल्या पंचानं पहिलं कार्ड, म्हणजे इशाऱ्याचं पिवळं, लवकर काढावं, असं माझं ठाम मत आहे. सातव्या मिनिटाला ज्याला पिवळं मिळालं, त्याला सुधारायला अख्खा सामना शिल्लक असतो. कोच त्याला जवळ बोलावून समजावू शकतात. हाफ टाइमला पाणी पिताना थोरला भाऊ कान उपटू शकतो. तेच कार्ड तू खिशात ठेवलंस आणि चाळीस मिनिटं सोसत राहिलास, तर तिकडं पोराची भीड चेपत जाते आणि इकडं तुझा राग साठत जातो. मग खिशातून निघतं ते लाल. रडत बाहेर जाणारं पोरगं, गेटवर तुझी वाट बघत उभा राहिलेला त्याचा बाप आणि रात्रभर झोप न लागलेला पंच, हे सगळं उशिरा काढलेल्या कार्डातून होताना मी फार वेळा पाहिलंय.

पण लवकर म्हणजे कशालाही नव्हे. हुज्जत कशाला म्हणायचं, हे तुझ्या मनात पक्कं हवं. शब्दानं किंवा कृतीनं पंचाच्या निर्णयाला जाहीर विरोध केला, तर पिवळं कार्ड, असं फुटबॉलच्या नियमावलीतला नियम 12 सांगतो. पोराचा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि तो आभाळाकडं बघून "आयला" म्हणाला, तर तो स्वतःवर वैतागलाय. तिकडं लक्षही देऊ नकोस. आपल्याकडं हा शब्द पोरांच्या तोंडून श्वासासारखा येतो. पडलेल्या पोरानं उठता उठता "सर, फाऊल हाय की" म्हटलं, तर मान हलव आणि पुढं चल. खेळाच्या धगीत एवढं निघणारच. पण तुझ्याकडं वळून, दोन्ही हात पसरून, लाइनीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात "दिसत न्हाय व्हय?" ही हुज्जत आहे. तुझ्या निर्णयावर टाळ्या वाजवणं, चेंडू जमिनीवर आपटणं, डोळ्यांकडं बोट करून चष्मा लाव म्हणून खुणावणं, ही तोंड न उघडता घातलेली हुज्जतच. आणि शिवी, अपमान किंवा घाणेरडे हातवारे असतील तर ती हुज्जतीच्या पलीकडची गोष्ट झाली. तिथं नियमात लाल कार्डच आहे, मधली पायरी नाही.

मग "पैसं खाल्ल्यात पंचानं" याला काय म्हणायचं? नियमावली शब्दांची यादी देत नाही, अपमान झाला की नाही ते पंचानं ठरवायचं असतं. निर्णय चुकला म्हणणं वेगळं आणि पंच विकला गेला म्हणणं वेगळं. दुसऱ्यात तुझ्या इमानावर घाला आहे, म्हणून मी तिथं लाल काढेन, आवाज न चढवता. पोरगं तेरा वर्षांचं आहे, वाक्य त्याचं स्वतःचं नाही, कुठंतरी ऐकलेलं आहे, हे सगळं मला मान्य आहे. तरीही काढेन, कारण ते ऐकणारी बाकीची वीस पोरंही तेरा वर्षांचीच आहेत. मात्र त्याच पोराला किंवा त्याच्या जोडीदाराला आधीच्या "दिसत न्हाय व्हय?"ला पिवळं मिळालं असतं, तर गोष्ट पैशांपर्यंत गेली नसती, असं मला मनापासून वाटतं.

ते वाक्य पोरानं कुठं ऐकलं असेल, हे तू आणि मी दोघंही जाणतो. शाहू स्टेडियमवर मोठ्यांचा सामना असला की बापाच्या खांद्यावरून आलेली पोरंही गॅलरीत असतात. आपल्या तालमीचा अभिमान ती तिथंच शिकतात आणि पंचाभोवती सात-आठ जणांनी कोंडाळं कसं करायचं, हेही तिथंच बघतात. कोल्हापूरच्या पोरांना फुटबॉल कळतो, हे मी अभिमानानं सांगतो. गल्लीत, बोळात, दुधाळीवर, गांधी मैदानावर अनवाणी खेळून त्यांना ऑफसाइड पुस्तकाआधी कळलेला असतो. 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून तर पेठापेठांत आईबापांच्या डोळ्यांत स्वप्नं आहेत. म्हणूनच सांगतो, जिभेवर ताबा नसलेलं पोरगं कोल्हापूरबाहेर पडलं की पहिल्याच मोठ्या स्पर्धेत बाहेर बसतं. तिथला पंच त्याची पेठ विचारत नाही. दोन पिवळी म्हणजे एक लाल, पुढचा सामनाही गेला. हा धडा त्याला इथं, 14 वर्षांखालच्या सामन्यात, स्वस्तात मिळावा. तो देणारा तू आहेस.

आता कसं करायचं ते. सगळं टॉसच्या वेळी सुरू होतं. दोन्ही कॅप्टन समोर आले की नाणं उडवायच्या आधी एवढंच सांग : "काही विचारायचं असेल तर खेळ थांबल्यावर तू एकट्यानं यायचं. दुसरं कोणी ओरडत आलं तर पिवळं." दोघांनाही त्याच शब्दांत, त्याच आवाजात. लांबलचक भाषण करू नकोस, पोरं तिसऱ्या वाक्याला चेंडूकडं बघायला लागतात. मग दोन्ही बेंचकडं चालत जा आणि कोचना तेच वाक्य सांग. ही काही तुझ्या माझ्या मनाची पद्धत नाही. 2024 च्या युरो स्पर्धेत युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, हाच दंडक घातला होता, फक्त कॅप्टननं पंचाजवळ जायचं. पोरांनी ते सामने मोबाइलवर बघितलेले आहेत, त्यामुळं त्यांना ते पटकन समजेल. कॅप्टनला मात्र हेही कळू दे, की नियम 3 प्रमाणं त्याला कसलाही खास अधिकार नाही, संघाच्या वागण्याची काहीशी जबाबदारी तेवढी आहे. तोही ओरडला तर त्यालाही पिवळं.

पोरांच्या अर्ध्या हुज्जती पंचाच्या पायांमुळं होतात, असं मी म्हटलं तर तुला नवल वाटेल. मधल्या वर्तुळात उभं राहून गोलजवळचा हँडबॉल दिलास, तर निर्णय बरोबर असला तरी पोरांना तो पटत नाही, कारण तू लांब होतास हे त्यांनी पाहिलेलं असतं. पंधरा पावलांवर उभा असलास तर चुकीच्या निर्णयावरही आवाज कमी होतो. तुझा गुडघा दुखरा आहे हे मी विसरलेलो नाही. सरळ रेषेत पळण्यापेक्षा मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडं तिरकं पळायची सवय ठेव, म्हणजे कमी पळून जास्त जवळ राहता येतं. आणि गुडघा खरंच साथ देत नसेल, तर काही दिवस छोट्या मैदानावरचे लहान गटांचे सामने घे.

शिट्टी तोंडात धरून पळू नकोस, हातात ठेव. तोंडापर्यंत न्यायला जो अर्धा क्षण जातो, त्यात डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात पोचतं. शिट्टी मारलीस की हात लगेच आणि सरळ दाखव. थ्रो असो, फ्री किक असो, दिशेबद्दल शंका राहता कामा नये. हात अर्धवट वर गेला, मान लाइनमनकडं वळली, पुन्हा हात बदलला, की पोरं धावत आलीच म्हणून समज. तेवढ्या वेळात त्यांना आशा वाटते.

गांधी मैदानावर एका जुन्या पंचांना मी लहान मुलांचा सामना घेताना बघत आलोय. फाऊल दिला की ते चेंडूच्या जागेपाशी जातात, बोटानं जागा दाखवतात आणि लगेच पाठमोरे होऊन, समोरच्या खेळाडूंची भिंत जिथं उभी राहायची त्या अंतराकडं चालायला लागतात. ओरडायला आलेलं पोरगं मधेच थांबतं, कारण समोर चेहराच नसतो. नुसत्या पाठीशी वाद कसा घालायचा? त्यातूनही एखादा पुढं गेलाच, तर ते थांबतात, वळतात, त्याचं नाव विचारतात. नंबर नव्हे, नाव. पोरगं नाव सांगतं तेव्हा त्याचा आवाज निम्म्यावर आलेला असतो. मग ते हळू आवाजात म्हणतात, "आता कार्ड हाय, परत न्हाय." आणि मागं सरून, हात वर करून पिवळं दाखवतात. पोराच्या नाकासमोर कधीच नाही. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागत नाही.

तुझ्या कार्डांचंही बघ. पिवळं आणि लाल एकाच खिशात ठेवू नकोस. एक छातीच्या खिशात, दुसरं चड्डीच्या. घाईत भलतंच निघालं तर ते मागं घेताना तुझी आणि पोराची दोघांची अवस्था वाईट होते.

कार्डाचा जन्मच मुळी हुज्जतीतून झालाय, हे तुला ठाऊक आहे का? 1966 च्या विश्वचषकात वेम्ब्लीवर इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना होता. अर्जेंटिनाचा कॅप्टन अँतोनियो रॅटिन जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांच्याशी सतत वाद घालत राहिला. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, त्याला जर्मन येत नव्हतं. पंचांनी त्याला बाहेर काढलं, तर तो कितीतरी मिनिटं मैदान सोडायलाच तयार नव्हता. त्या स्पर्धेत पंचांची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन यांना नंतर सिग्नलच्या दिव्यांवरून पिवळ्या आणि लाल रंगाची कल्पना सुचली, आणि 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली. हे सांगायचं कारण असं, की कार्ड हे बोलणं संपवण्यासाठी आहे. ते दाखवल्यावर तू पुन्हा समजावत बसलास, "बघ बाळा, तुझा हात असा होता, म्हणून मी..." तर कार्डाचा उपयोगच गेला. कारण सांगायचंच असेल तर चार शब्दांत सांग, "मागून धक्का होता", आणि खेळ सुरू कर.

हुज्जत खेळ चालू असताना झाली आणि तेवढ्यासाठी तू खेळ थांबवलास, तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. पण पेनल्टी दिल्यानंतर हुज्जत झाली, तर पेनल्टी आहे तशीच राहते, कार्ड तेवढं वेगळं. गोल होण्यासारखी चाल चालू असेल तर थांबवू नकोस. चेंडू बाहेर गेल्यावर त्या पोराला बोलाव, विसरलो असं होऊ देऊ नकोस.

कोंडाळं झालं तर एकच कर, मागं सर. चार पावलं, सहा पावलं, गर्दीतून बाहेर ये. पोरांच्या अंगाला हात लावू नकोस, ढकलून वाट करू नकोस. तेरा वर्षांच्या पोराच्या छातीवर पंचाचा हात, असा एक फोटो मोबाइलवर निघाला की मूळ फाऊल कुणाला आठवत नाही. बाहेर आल्यावर कॅप्टनला हाक मार आणि बाकीच्यांना जागेवर जायला सांग. जो सगळ्यात आधी धावत आला किंवा ज्याचा आवाज सगळ्यात मोठा होता, त्याला पिवळं दे. पाचही जणांना देऊ नकोस आणि कुणालाच न देता सोडूही नकोस.

दहा-अकरा वर्षांच्या पोरांची गोष्ट थोडी वेगळी. ती बऱ्याचदा खरोखर विचारत असतात. "सर, हा फाऊल कसा काय?" त्यांना सांग, तेवढा वेळ काढ. आणि एखादं पोरगं रडकुंडीला येऊन ओरडायलाच लागलं, तर कार्डाआधी कोचना विचार, "याला पाच मिनिटं बसवता का?" पुन्हा आत येण्याची मुभा असेल अशा स्पर्धेत हा सगळ्यात चांगला उपाय आहे. ते पाणी पितं, नाक पुसतं आणि शहाणं होऊन परत येतं.

याचीच नियमात बसवलेली मोठी आवृत्ती म्हणजे तात्पुरतं बाहेर बसवणं. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डानं 2017 पासून मुलांच्या आणि स्थानिक पातळीवरच्या सामन्यांसाठी त्याला परवानगी दिलीय. इंग्लंडमध्ये 2019-20 च्या हंगामापासून तळाच्या स्पर्धांत हुज्जतीसाठीच ती पद्धत लागू झाली. पिवळं मिळालेला खेळाडू एकूण वेळेच्या 10 ते 15 टक्के बाहेर बसतो. 25-25 मिनिटांचा सामना असेल तर पाच ते साडेसात मिनिटं. मला ही पद्धत फार पटते, कारण शिक्षा तिथल्या तिथं होते आणि पोरगं पुन्हा खेळतं. पण हे तू रविवारी मनानं सुरू करू शकत नाहीस. आयोजकांनी स्पर्धेच्या नियमांत आधी लिहायला हवं. तुझ्या ओळखीच्या मंडळाची पुढची स्पर्धा असेल, तर आतापासून त्यांच्या मागं लाग.

आणि तुझा निर्णय खरंच चुकला असेल तर? खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल, तर नियम 5 प्रमाणं तो बदलता येतो. लाइनमननं काही सांगितलं किंवा तुझं तुलाच उमगलं, तर बदल, आणि मोठ्यानं सांग, "माझा निर्णय बदलतोय, चेंडू पिवळ्या जर्सीवाल्यांचा." यात कमीपणा नाही. पण पाच जण ओरडले म्हणून बदललास, तर त्या दिवसापासून प्रत्येक शिट्टीला तुझ्याभोवती दहा जण असतील. आणि त्यात त्या पोरांचा दोष नसेल.

मोठ्यांचं काय, हा तुझ्या पत्रातला खरा अवघड भाग. कोचना कार्ड दाखवता येतं, 2019 पासून तसा नियम आहे. एखाद्या निर्णयावर थोडी कुरकुर केली तर ताकीद. उघड हुज्जत घातली, बाटली फेकली, टाळ्या वाजवल्या तर पिवळं. शिवी दिली तर लाल. बेंचवरून नेमकं कोण ओरडलं ते कळलं नाही, तर ते कार्ड तिथल्या मुख्य कोचच्या नावावर लागतं. आता तुझे सर. त्यांना तू "सर" म्हणायचंच, "तुम्ही" म्हणायचंच, लाइनीजवळ स्वतः चालत जायचं. "सर, पोरं तुमचं बघून ओरडायला लागलीत. पुढच्या वेळी मला कार्ड काढावं लागेल." एवढं बोलून वळ, उत्तराची वाट बघू नकोस. पुढच्या वेळी ओरडले तर काढ. आदर शब्दांत पूर्ण ठेवायचा, निर्णयात एक इंचही द्यायचा नाही. ज्यांनी तुला घडवलं त्यांना पिवळं दाखवताना तुला त्रास होईल, हे मला समजतं, आणि त्या त्रासावर माझ्याकडं औषध नाही. पण त्यांच्या संघातली पोरं तेव्हा तुझ्याकडं बघत असतील. सरांनाही सूट नाही म्हटल्यावर त्यांना त्या दिवशी आणखी काही सांगावं लागणार नाही.

गोलमागं उभ्या असलेल्या बापाला, काकाला, पेठेतल्या दादाला कार्ड नसतं. त्यांच्याशी थेट बोलूच नकोस, एक शब्दही नाही. तू प्रेक्षकाला उत्तर दिलंस की पंच आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर संपलं. खेळ थांबव, आयोजक मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोलाव आणि सांग की हे गृहस्थ मागं गेल्याशिवाय सामना सुरू होणार नाही. बाहेरच्या त्रासामुळं खेळ थांबवायचा आणि गरज पडली तर सामना सोडून द्यायचाही अधिकार तुला नियम 5 नं दिलाय. चेंडू काखेत घेऊन शांतपणे मधल्या वर्तुळात उभा राहा. बाकीचे पालकच त्या माणसाला मागं ओढतात, कारण सगळ्यांना आपल्या पोराचा खेळ बघायचा असतो.

पेठेतल्या बोलण्यांबद्दल तू लिहिलंस. तुझ्या स्वतःच्या तालमीची पोरं ज्या सामन्यात आहेत, तो सामना शक्यतो घेऊ नकोस. घ्यावाच लागला तर आयोजकांना आणि दोन्ही कोचना आधीच सांगून टाक, म्हणजे नंतर कुणी शोधून काढल्यासारखं बोलणार नाही. सामन्यानंतर चहाच्या गाड्यावर निर्णयांची चर्चा करायची नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, स्टेटसला काही ठेवायचं नाही. दोन-तीन आठवडे लोक बोलतील. दोन्ही बाजूंचे लोक बोलत असतील, तर तू सारख्या मापानं वागतोयस एवढं समज.

लिहायचं ते अहवालात लिही, आणि त्याच संध्याकाळी. कितव्या मिनिटाला, कोणत्या नंबरच्या खेळाडूनं, नेमके कोणते शब्द वापरले. "अपशब्द वापरले" असं लिहून मोकळा होऊ नकोस, शब्द जसाच्या तसा लिही, कितीही घाण असला तरी. शिस्तीचा निर्णय घेणाऱ्यांना त्या शब्दांवरच ठरवायचं असतं. स्वतःची मतं, पोराच्या संस्कारांबद्दलची वाक्यं, यातलं काही त्यात नको.

पोरगं सामना संपल्यावर हात मिळवायला आलं तर हात मिळव. सॉरी म्हणालं तर "बरं" म्हण, पाठीवर थाप दे. कार्ड मात्र खोडायचं नाही. पुढच्या सामन्यात तेच पोरगं दिसलं तर मागचं काही काढू नकोस, त्याच्या नावानं हाक मारून नमस्कार घे.

आता रविवारचं. आज-उद्या आयोजकांना फोन कर. लाइनमन कोण आहेत ते विचार. राखीव खेळाडू किंवा एखादे पालक झेंडा धरणार असतील, तर चेंडू आत की बाहेर एवढंच त्यांनी दाखवायचं, ऑफसाइड तू बघणार, हे आधी ठरव. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांसाठी एकेक जबाबदार कार्यकर्ता नावानिशी माग आणि त्याचा नंबर घेऊन ठेव. अर्धा तास आधी मैदानावर पोच, जाळी आणि रेषा बघ, गुडघ्याला पट्टी बांध. आणि टॉसला कॅप्टनना सांगितलेलं वाक्य ज्या क्षणी पहिल्यांदा मोडेल, मग ते दुसरं मिनिट का असेना, त्या क्षणी पिवळं काढ.